बर्फाच्या मैदानाखालची जमीन

फेब्रुवारी हा आमच्या धंद्यात झोपेचा महिना नसतो. पिंपळगाव बसवंत, ओझर, दिंडोरी या पट्ट्यात द्राक्षांची काढणी जोरात असते आणि बागेतून निघालेला माल काही तासांत शून्य अंशाच्या आसपास आणला नाही, तर देठ वाळून निर्यातीचा घास हातचा जातो. त्यामुळे शीतगृहांचे आराखडे करणाऱ्या आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारीही अंगावर घेऊन बसलेल्या माझ्यासारख्या माणसाची निम्मी रात्र कुठल्या ना कुठल्या कॉम्प्रेसरच्या खोलीत जाते. २०२२च्या फेब्रुवारीत अशाच एका रात्री, माल झटपट गार करणाऱ्या प्री-कूलिंगच्या खोलीचे तापमान उतरण्याची वाट पाहत मी मोबाइलवर बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमधील स्पीड स्केटिंगचे चित्रण पाहत होतो. स्वीडनच्या नील्स व्हान डर पूलने दहा हजार मीटरची शर्यत १२ मिनिटे ३०.७४ सेकंदांत, म्हणजे विश्वविक्रमी वेळेत, पूर्ण केली होती. चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या आणि ताशी सरासरी ४८ किलोमीटरचा वेग. आमचे प्लांट ऑपरेटर, ज्यांना वयामुळे सगळे मामाच म्हणतात, चहाचा ग्लास हातात घेऊन माझ्या मागे उभे होते. थोडा वेळ पाहून त्यांनी विचारले, "साहेब, एवढं मैदान गोठवतात ते वरून का खालून?"

"खालून, मामा. फरशीत नळ्या टाकलेल्या असतात."

"मग खालची जमीन फुगत नाही?"

मी मोबाइल खाली ठेवला. हिवाळी खेळांच्या भव्य वास्तूंची जी छायाचित्रे आपल्यापर्यंत पोहोचतात, ती सगळी छपरांची असतात. बीजिंगच्या त्या सभागृहाला 'आइस रिबन' म्हणतात, कारण त्याच्या भिंतींभोवती काचेच्या बावीस वलयाकार पट्ट्या फिरवल्या आहेत. त्याचे छप्पर खोगिराच्या आकारात ताणलेल्या पोलादी दोरांच्या जाळ्यावर तोललेले आहे, आणि हे सारे पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. परंतु मामांचा प्रश्न छपराबद्दल नव्हता. तो जमिनीबद्दल होता आणि तो त्यांनाच का सुचला, हे मला ठाऊक होते, कारण जमीन फुगणे म्हणजे काय असते ते आम्ही दोघांनी एकत्र पाहिले होते.

ही साधारण अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका प्रक्रिया उद्योगाच्या शीतगृहात उणे वीस अंशांवर मटार आणि आंब्याचा गर साठवला जात असे. शून्याखालच्या खोलीचा गारठा हळूहळू फरशीतून खाली झिरपतो, म्हणून अशा फरशीखाली उष्णतारोधक थर देतात आणि त्याच्याही खाली दोन्ही टोके उघडी असलेल्या नळ्यांची रांग टाकतात, जेणेकरून बाहेरची उबदार हवा त्यांतून खेळत राहावी आणि माती गोठू नये. त्या शीतगृहात नळ्या होत्या, उष्णतारोधक थर होता, आराखडा माझाच होता आणि कागदावर त्यात खोट नव्हती. तीन वर्षांनी खोलीच्या मधोमध फोर्कलिफ्ट एका बाजूला कलू लागली. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, लावून पाहिले तेव्हा फरशीचा मध्य कडेपेक्षा साठ मिलीमीटर वर आला होता, रॅकचे पाय तिरपे झाले होते आणि एका खांबापाशी काँक्रीटला इतकी रुंद भेग पडली होती की तीत माझ्या खिशातले पेन उभे राहिले. बाहेर जाऊन नळ्यांची तोंडे पाहिली. निम्म्या नळ्यांत उंदरांनी गोणपाटाची घरटी केली होती, उरलेल्यांपुढे मालकाने क्रेट रचून ठेवले होते.

पाणी गोठले की नऊ टक्क्यांनी फुगते हे आपण शाळेत शिकतो, पण जमीन फुगण्याची खरी मेख तेवढ्यातच नाही. बारीक कणांची माती, आणि आपल्याकडची काळी माती तर विशेषच, दिव्याची वात तेल ओढते तशी खालचे पाणी केशाकर्षणाने वर ओढत राहते. गोठणाच्या पातळीशी पोहोचलेले पाणी तिथे गोठते, त्याचा भिंगासारखा पातळ थर तयार होतो, तो थर आणखी पाणी ओढतो आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालते. म्हणजे जागेवर होते तेवढेच पाणी गोठत नाही, भोवतालच्या जमिनीतले पाणीसुद्धा तिथे येऊन बर्फ होते. काँक्रीटचा स्लॅब या रेट्यापुढे टिकत नाही. खोली रिकामी करून, सावकाश वितळवून, फरशी फोडून नव्याने करण्यात पूर्ण एक हंगाम गेला. मालकाने मला बोल लावला, मी उंदरांना. खरे म्हणजे नळ्यांच्या तोंडाला जाळी दाखवायची माझ्या आराखड्यात राहून गेली होती.

म्हणून मामांचा प्रश्न. स्केटिंगच्या बर्फाचे तापमान उणे वीस नसते. फिगर स्केटिंगला बर्फ किंचित मऊ हवा, तो उणे तीन-चार अंशांवर ठेवतात. हॉकीला उणे पाच-सहा, स्पीड स्केटिंगला त्याहून थोडा थंड. तेवढ्यानेही जमीन गोठते, फक्त वेळ लागतो. चांगल्या रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, छेद काढून पाहिला, तर तो सर्वांत खालून असा उभा राहतो: दाबून घट्ट केलेला भराव, पाण्याचा निचरा, त्यावर वाळूत किंवा खडीत पुरलेल्या कोमट ग्लायकॉलच्या (सहज न गोठणाऱ्या द्रवाच्या) नळ्या, मग सुमारे शंभर मिलीमीटर जाडीचा, दाब सोसणाऱ्या फोमचा उष्णतारोधक थर, बाष्परोधक पडदा, त्यावर एकमेकांवर सरकू शकतील अशा पॉलिथिनच्या दोन थरांची सरकपट्टी आणि शेवटी सव्वाशे ते दीडशे मिलीमीटरचा काँक्रीट स्लॅब, ज्याच्या सळयांना बांधलेल्या नळ्यांतून थंड द्रव फिरतो. एवढा सगळा खटाटोप करून वर बर्फ किती, तर पंचवीस ते चाळीस मिलीमीटर. म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढ्या बर्फासाठी खाली कमरेइतके बांधकाम. त्यातही मजा अशी की या इमारतीच्या सर्वांत थंड भागाच्या बरोबर खाली मुद्दाम ऊब द्यावी लागते आणि ती ऊब कॉम्प्रेसरच्याच वाया जाणाऱ्या उष्णतेतून घेतात.

सरकपट्टीचे कारण सांगण्यासारखे आहे. काँक्रीट दर अंशाला दर मीटरमागे साधारण एक शतांश मिलीमीटर आखडते. नाशिकच्या तीस अंशांत ओतलेला साठ मीटर लांबीचा स्लॅब उणे दहावर नेला, तर तो चोवीस मिलीमीटरने लहान होतो. चारशे मीटरच्या ट्रॅकचे मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १८० मीटरच्या आसपास असते, म्हणजे तिथे हाच हिशेब सात सेंटिमीटरपर्यंत जातो. खाली पकड राहिली, तर स्लॅब तडकेल आणि त्याच्या पोटातली नळी त्याच्याबरोबर तुटेल. म्हणून स्लॅब मोकळा तरंगता ठेवतात आणि तापमान एकदम न उतरवता दिवसागणिक थोडे थोडे खाली आणतात. आपल्या शीतगृहातही नवी खोली अशीच दमादमाने गार करावी लागते, आणि मालक लोकांना हेच दहा दिवस सर्वांत जड जातात.

नळ्यांचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. आइस हॉकीचे आंतरराष्ट्रीय मैदान साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असते. शंभर मिलीमीटर अंतराने नळ्या टाकल्या, तर रुंदीत तीनशे नळ्या बसतात, म्हणजे एकूण अठरा किलोमीटर. बीजिंगच्या त्या बारा हजार चौरस मीटर बर्फाखाली याच हिशेबाने एकशेवीस किलोमीटर. नाशिकहून निघालेली नळी कसारा घाट उतरून कल्याणच्या अलीकडे कुठेतरी संपेल. त्या सगळ्या नळ्यांमध्ये दाबाची हवा भरून ठेवून मगच काँक्रीट ओततात, कारण ओतताना एखाद्या गवंड्याची फावडी लागून नळी फुटली, तर दाब उतरताना लगेच कळते. काँक्रीट सुकल्यावर कळले, तर उपयोग नसतो. आणि शक्यतो सांधा न ठेवता, सलग ओततात. पृष्ठभाग पाच-सहा मिलीमीटरने जरी वरखाली झाला, तरी बर्फाची जाडी जागोजागी बदलते, जाड बर्फ उबदार राहतो, पातळ बर्फ कडक होतो आणि खेळाडूच्या पात्याला ते कळते.

हे काम बड्या लोकांचेही फसते, याचा दाखला सॉल्ट लेक सिटीजवळच्या युटा ऑलिम्पिक ओव्हलमध्ये, म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकच्या बंदिस्त सभागृहात, मिळतो. २००२च्या ऑलिम्पिकसाठी ते बांधले जात असताना, २००० साली काँक्रीट ओतताना गोठवणाऱ्या नळ्यांचे काही भाग बांधणीतून सुटले, स्लॅब सपाट राहिला नाही आणि तो फोडून पुन्हा करावा लागला. त्या वास्तूचे छप्पर झुलत्या पुलासारखे दोरांवर टांगलेले आहे, त्यामुळे आत खांब नाहीत आणि उंची कमी ठेवता आल्याने थंड ठेवायची हवाही कमी आहे. स्थापत्याच्या दृष्टीने फार हुशारीची रचना. पण बांधकामाच्या वेळी रडवले ते फरशीनेच. मी हे प्रथम वाचले, तेव्हा माझ्या साठ मिलीमीटरची बोच थोडी कमी झाली, हे कबूल करतो. पुढे तेच ओव्हल जगातल्या सर्वांत वेगवान बर्फापैकी एक ठरले, त्याचे एक कारण समुद्रसपाटीपासूनची १,४२५ मीटर उंची हे आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे धावणाऱ्याला अडवणारा वारा कमी. लांब पल्ल्याचे विक्रम बहुधा अशा उंचीवर होतात, आणि म्हणूनच जवळपास समुद्रसपाटीवर असलेल्या बीजिंगमध्ये दहा हजार मीटरचा विक्रम झाला याला फार महत्त्व आहे.

बर्फ तयार करण्याची रीत आपल्याकडच्या बर्फाच्या कारखान्याच्या नेमकी उलट आहे. उसाच्या रसवंतीवर येणारी लादी कधी नीट पाहिली असेल, तर तिच्या मधोमध एक पांढरा, ढगाळ गाभा दिसतो. डब्यातले पाणी कडेकडून गोठत येते, विरघळलेली हवा आणि क्षार मध्ये ढकलले जातात आणि शेवटी तिथेच अडकतात. रिंकवर असा गाभा चालत नाही. म्हणून शुद्ध केलेले पाणी फवाऱ्याने कागदासारख्या पातळ थरांत मारतात, एक थर गोठला की दुसरा. मधल्या एका थरावर पांढरा रंग देतात, त्यावर रेषा आखतात आणि पुन्हा पाणी चढवतात. साठ गुणिले तीस मीटरच्या मैदानावर तीस मिलीमीटर बर्फ म्हणजे सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात सिन्नरकडे फिरणाऱ्या टँकरच्या भाषेत सांगायचे, तर दहा हजार लिटरचे पाच टँकर. इतके कमी पाहून अनेकांना आश्चर्य वाटते.

बर्फ खराब झाला की त्यावरून जे यंत्र फिरते, त्याचा जनक फ्रँक झांबोनी हा स्वतः लाद्यांच्या बर्फाचा कारखानदार होता, हे मला फार आवडते. कॅलिफोर्नियात भावाच्या साथीने तो बर्फाचा कारखाना चालवत असे. घरोघर आणि धंद्यांत प्रशीतनाची यंत्रे येऊ लागली, तशी लाद्यांची मागणी घटली, तेव्हा हाताशी असलेली यंत्रसामग्री आणि ज्ञान वापरून त्यांनी १९४०मध्ये स्केटिंगची रिंक उघडली. बर्फ तासून, धुऊन, पुन्हा सारखा करायला तीन-चार माणसांना तासाहून अधिक वेळ लागत असे. १९४९मध्ये त्याने एकाच गाडीत तासणे, गोळा करणे, धुणे आणि पाणी पसरणे ही सारी कामे बसवली आणि वेळ दहा मिनिटांवर आणला. ती गाडी शेवटी जे पाणी सोडते, ते गरम असते. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते जुन्या बर्फाचा वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते. मामांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे, रात्रपाळीत साहेबांचे डोके फिरले आहे, अशा नजरेने पाहिले.

फरशीनंतर माझ्या मते दुसरा खरा प्रश्न हवेचा आहे, आणि तोही छायाचित्रात दिसत नाही. शीतगृहाच्या छताला घाम येतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. बर्फाच्या सभागृहातही तेच होते, पण कारण जरा अनपेक्षित आहे. छप्पर वर असते, उबदार असते, तरीही त्याची उष्णता किरणांच्या रूपाने सतत खालच्या बर्फाकडे जात राहते. त्यामुळे छपराचा आतला पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो, हवेतली वाफ त्यावर साठते आणि थेंब खाली पडतात. प्रत्येक थेंबाचा बर्फावर एक उंचवटा होतो. बर्फावर येणाऱ्या एकूण उष्णतेपैकी साधारण पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, छपराकडून किरणांनी येतो. म्हणून कित्येक ठिकाणी छताला खालून चकचकीत ॲल्युमिनियमचा पातळ पडदा लावतात, जो फारशी उष्णता बाहेर टाकत नाही. दिसायला तो अगदी सुमार दिसतो, पण विजेचे बिल पाहिले की तो सुंदर वाटू लागतो.

वाफेचा हिशेब तर त्याहून कडक आहे. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. पण हवेतली एक किलो वाफ थेट बर्फावर गोठली, तर ती सुमारे २,८०० किलोज्यूल उष्णता सोडते. म्हणजे दरवाजातून आत आलेली एक किलो वाफ आठ किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता घेऊन येते. त्यातच हजारो प्रेक्षक श्वास सोडत बसलेले असतात. त्यामुळे मोठ्या सभागृहांत सिलिका जेल लावलेल्या चक्रांतून हवा फिरवून कोरडी करतात आणि ओले झालेले चक्र सुकवण्याच्या कामी पुन्हा कॉम्प्रेसरची वाया जाणारी उष्णता येते. जुलै महिन्यात नाशिकच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊ लागते तो, वीस अंशांच्या वर असतो; मी जेव्हा असे सभागृह आपल्या गावात असल्याची कल्पना करतो, तेव्हा मला बर्फ दिसत नाही, नुसते धुके दिसते.

या बाबतीत कॅनडातील रिचमंडचे ओव्हल मला एकाच वेळी भुरळ घालते आणि काळजीत टाकते. व्हँकुव्हरच्या २०१०च्या ऑलिम्पिकसाठी फ्रेझर नदीच्या काठावर बांधलेली ही वास्तू डिसेंबर २००८मध्ये खुली झाली. सुमारे शंभर मीटर गाळ्याच्या कमानी चिकटवलेल्या लाकडी थरांच्या आहेत, त्या आतून पोकळ आहेत आणि हवेच्या नळ्या त्या पोकळीतूनच नेल्या आहेत, त्यामुळे छताखाली पत्र्यांच्या डक्टचा पसारा नाही. कमानींच्या मधल्या भागात घरबांधणीत वापरतात तशा साध्या लाकडी पट्ट्या लाटेच्या आकारात जोडल्या आहेत. त्या वर्षांत ब्रिटिश कोलंबियाच्या पाइनच्या जंगलांना भुंगेऱ्यांनी ग्रासले होते, लाखो झाडे उभी वाळत होती आणि त्या झाडांच्या लाकडाला गिऱ्हाईक हवे होते. छपरात ते लाकूड वापरले गेले. शिवाय छपरावरचे पावसाचे पाणी साठवून शौचालयांसाठी वापरतात आणि बर्फ गोठवताना निघणारी उष्णता इमारत गरम ठेवण्यासाठी. इतका नेटका हिशेब फार थोड्या वास्तूंत दिसतो. तरीही माझ्यातला शीतगृहवाला म्हणतो, लाकूड हे ॲल्युमिनियमच्या मानाने किती तरी पट उष्णता खाली टाकते. त्या सौंदर्याची किंमत कोरडी हवा आणि कॉम्प्रेसर यांनी मोजली असणार. ते पत्करण्यासारखे आहे, असे मी छायाचित्र पाहत असताना मानतो.

फरशीतल्या नळ्यांतून काय फिरवायचे, यावर तर या धंद्यात अजून वाद आहेत. आपल्याकडे, नाशिकच्या बहुतेक मोठ्या शीतगृहांत, अमोनिया आहे. तो स्वस्त आहे, कार्यक्षम आहे, गळला तर नाकाला क्षणात कळतो, आणि जास्त गळला तर जीव घेतो. रिंकमध्ये लोक असतात म्हणून अमोनिया यंत्राच्या खोलीत ठेवून त्याने कॅल्शियम क्लोराइडचे खारे पाणी, म्हणजे ब्राइन, गार करायचे आणि ते नळ्यांत फिरवायचे, ही जुनी पद्धत. तिच्यातही धोका उरतोच. ऑक्टोबर २०१७मध्ये ब्रिटिश कोलंबियातील फर्नी गावच्या रिंकमध्ये चिलरच्या, म्हणजे ब्राइन गार करणाऱ्या यंत्राच्या, नळीतून अमोनिया ब्राइनमध्ये मिसळत गेला, शेवटी बाहेर पडला आणि तिघांचा मृत्यू झाला. ती बातमी वाचल्यावर मी माझ्या देखरेखीखालच्या प्रत्येक चिलरच्या ब्राइनची तपासणी करून घेतली होती.

बीजिंगच्या ओव्हलमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड निवडला आणि तो थेट फरशीतल्या नळ्यांत नेला. याचा फायदा समजायला चहाचे आधण पुरेसे आहे: पाणी उकळत असताना गॅस मोठा करा की लहान, तापमान शंभरच राहते. ब्राइन नळीतून जाताना वाटेत तापत जाते, त्यामुळे मैदानाच्या एका बाजूचा बर्फ दुसऱ्या बाजूपेक्षा अंश-दीड अंशाने वेगळा राहू शकतो. उकळता कार्बन डायऑक्साइड मात्र उष्णता घेतो आणि एकाच तापमानावर राहतो. बारा हजार चौरस मीटरच्या बर्फावर तापमानातला फरक अर्ध्या अंशाच्या आत ठेवता आला, तो यामुळे. वातावरण तापवण्याच्या बाबतीतही काही कृत्रिम शीतके कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास चार हजार पट घातक आहेत, हा दुसरा फायदा. अडचण एवढीच की हा वायू ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही, म्हणून गरम हवामानात यंत्रे फार मोठ्या दाबावर चालवावी लागतात आणि वीज जास्त खातात. बीजिंगमध्ये हिवाळ्यात ते सोपे आहे. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशीला जातो, तिथे हाच वायू परवडणे कठीण.

मग थंड जागा शोधण्याचा आणखी एक मार्ग उरतो, तो म्हणजे डोंगराच्या पोटात शिरण्याचा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी लहानाचा मोठा झाल्यामुळे मला नॉर्वेतील योविकच्या सभागृहाबद्दल विशेष आपुलकी आहे. १९९४च्या लिलेहॅमर ऑलिम्पिकच्या हॉकीसाठी योविकमध्ये चक्क खडकात सभागृह खोदले: सुमारे एकसष्ट मीटर रुंद, एक्क्याण्णव मीटर लांब, पंचवीस मीटर उंच, आणि मध्ये एकही खांब नाही. छताला आधार म्हणून खडकात खोलवर रोवलेले बोल्ट आणि त्यावर पोलादी तंतू मिसळलेले फवाऱ्याचे काँक्रीट. खोदाईनंतर एवढे रुंद छत फक्त आठ मिलीमीटरच्या आसपास खाली आले, कारण तिथल्या खडकावर आडवा दाब इतका होता की त्यानेच छताला दोन्ही बाजूंनी घट्ट आवळून धरले. त्रिरश्मीच्या डोंगरातली ही पांडवलेणी खोदणाऱ्यांकडे असली गणिते नव्हती, पण सातवाहनांच्या काळात भिक्षूंसाठी कोरलेल्या त्या विहारांत खांबांविना सोडलेले सपाट दगडी छत एप्रिलच्या दुपारी जाऊन पाहावे. बाहेर दगड पायाला चटका देतो आणि आत घाम दोन मिनिटांत सुकतो. खडकाचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही, ऊन आणि वारा आत येत नाही. योविकच्या लोकांना विजेच्या बिलात जो फायदा झाला असेल, तो हाच.

हे सारे मी कागदावर मांडले, त्याला एक निमित्त घडले. मागच्या वर्षी गंगापूर रोडवरच्या एका बांधकाम व्यावसायिकांनी मला बोलावले. त्यांना आपल्या नव्या व्यापारी संकुलात बर्फाची रिंक हवी होती, आणि शक्य असेल तर पूर्ण मापाची. "तुम्ही कोल्ड स्टोरेजवाले, तुमच्या हातचं काम," असे ते म्हणाले. मी आठवडाभराने त्यांच्यासमोर छेद ठेवला, ग्लायकॉलच्या नळ्या दाखवल्या, जुलैतल्या हवेचा हिशेब दाखवला आणि महिन्याच्या विजेचा आकडा शेवटच्या पानावर ठेवला. ते सगळ्यात आधी शेवटचेच पान उघडतात, हे मला माहीत नव्हते. बराच वेळ त्यांनी विचार केला आणि विचारले, "बर्फ थोडा पातळ ठेवला तर?" मी म्हणालो, खर्च बर्फाचा नाही, साहेब, बर्फाखालच्या आणि बर्फावरच्या गोष्टींचा आहे.

मी त्यांना डेहराडूनचे उदाहरण दिले. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे पूर्ण मापाची बंदिस्त रिंक बांधली गेली, स्पर्धा झाली, आणि मग ती अनेक वर्षे बंद राहिली. २०२५मध्ये ती पुन्हा सुरू झाली. रिंक बांधणे एका वेळचे, ती चालवणे रोजचे. मोठ्या देशांनाही हे आता कळले आहे. रिचमंडमध्ये ऑलिम्पिकनंतर चारशे मीटरचा ट्रॅक काढून त्या जागी दोन छोट्या रिंक, खेळांची कोर्टे आणि धावपट्टी केली. बीजिंगने २००८च्या जलतरण तलावात पोलादी सांगाडा उभारून, त्यावर काँक्रीटची तयार फरशी मांडून २०२२मध्ये तिथे कर्लिंग खेळवले, आणि इटलीने तर २०२६च्या स्पीड स्केटिंगसाठी मिलानजवळच्या प्रदर्शन केंद्राच्या दालनांतच तात्पुरता ट्रॅक घालायचे ठरवले. माझे मत विचाराल, तर मोठ्या गावासाठीसुद्धा चारशे मीटरचा कायमचा ट्रॅक ही चैन आहे. आणि सिमल्यात जसे १९२०पासून मोकळ्या मैदानावर रात्री पाणी शिंपडून थंडीच्या भरवशावर बर्फ करतात, तशी थंडी ज्यांच्या नशिबी आहे, त्यांनी ती आधी जपावी.

त्या व्यावसायिकांनी अखेर रिंकच्या जागी रोलर स्केटिंगचे साधे मैदान आणि बॅडमिंटनची चार कोर्टे केली. मला काम मिळाले, ते छपराच्या पत्र्याखालच्या उष्णतारोधक थराचे, आणि तेही दर घासाघीस करून.

या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, मी नेहमीप्रमाणे त्या जुन्या शीतगृहावर फरशीखालच्या नळ्यांची तोंडे पाहायला गेलो. सगळ्या जाळ्या शाबूत होत्या, फक्त एका नळीपुढे कुणीतरी रिकामे क्रेट लावले होते. ते मामांनी पायाने बाजूला सारले. परत येताना त्यांनी विचारले, बीजिंगवाल्यांनी नळ्यांना कसली जाळी लावली होती. मी सांगितले की त्यांच्या फरशीखाली हवेच्या नळ्या नसाव्यात, अशा ठिकाणी बहुधा कोमट द्रवाच्या बंद नळ्या असतात, त्यांना बाहेर उघडे तोंडच नसते.

"म्हणजे उंदरांचा प्रश्नच नाही," मामा म्हणाले, आणि कॉम्प्रेसरच्या खोलीचे दार ओढून घेतले.